बोंड

चौथ्या मागाखाली सापडलं एकदाचं
डाव्या कानाचं रबरी बोंड,
पिंजेत लोळून केसाळ झालेलं.
जक्कल नरसप्पा म्हणाला, "हे कानात घालतोस?
उंदराचं पिल्लू वाटतंय."

टॉवेलाचा कारखाना. अक्कलकोट रोड.
इथं तंतू भाकरीतसुद्धा येतो.

आठवडाभर वाटत होतं,
हैदराबादहून अनसूया हळू बोलते हल्ली,
काहीतरी लपवते.
मी ओरडायचो, "पोरी, मोठ्यानं बोल."
ती ओरडायची, "बोलतेच आहे की, नायना!"

पाचव्या दिवशी नळ आला.
वाटीभर पाणी कोमट केलं, साबणाचा एक थेंब,
बोंड चिमटीत चोळलं.
जाळीला मात्र पाणी दाखवायचं नाही;
तिचं तोंड खाली धरून
जुन्या दातब्रशनं, कोरड्याच,
मळ हळूहळू झाडला.
वाळत घातलं ताटलीत.
टॉवेलावर नाही.
तेवढं शहाणपण आलंय.

ओलं बसवलं की निसटतं, म्हणून थांबलो
पहिल्या पाळीचा भोंगा होईतो.
मग दांडीवर दाबलं.
खाचेत बसताना अंगठ्याला बारीक टक् कळलं,
फणीत धागा बसावा तसं.
जरा ओढून पाहिलं. हललं नाही.

फोन लावला.
"नायना," ती म्हणाली,
आणि तिच्यामागं खोलीतला पंखाही ऐकू आला,
एक पातं घासणारा.