डावं-उजवं

ओइवाच्या बैठकीच्या खोलीत मी गुडघ्यांवर,
दातांत पेन्सिल, उजव्या मोज्याला भोक,
आणि सोफ्यावर, माणसाने बसायच्या जागी,
बसवलेला सबवूफर.
हिल्काची उशी त्याच्या पाठीला तशीच टेकलेली.

असंच करतात, मी सांगते.
ऐकणाऱ्याच्या जागी आवाज ठेवायचा
आणि आपण रांगायचं भिंतीच्या कडेकडेने.
जिथे तो घुमत नाही, गुरगुरत नाही,
नुसता पोटात उतरतो ओटच्या लापशीसारखा,
तिथे त्याची जागा.

ओइवा लगेच जमिनीवर.
एकाहत्तर वर्षांचा माणूस,
नव्या खुब्यातल्या धातूसकट
रांगत निघाला माझ्यापुढे.
रेडिएटरपाशी थांबला, मान तिरकी.
"इथे. ऐक. इथे."
बाहेर दोन वाजताच काळोख,
केमीच्या रस्त्यावरून बर्फ ढकलत गाडी चाललेली;
तिची घरघर आम्ही दोघांनी
खुशाल यंत्राच्या नावावर जमा केली.

मग टेप, मग कोनमापक.
समोरचे दोन तीस-तीस अंशांवर,
मागचे दोन एकशे दहावर,
मधला टीव्हीखाली, किंचित वर बघणारा.
पाच तोंडं आणि एक पोट.
ओइवाकडे कागद होता, अकरा महिने घडी घालून उघडून
घडीवर फाटलेला:
खोली, खिडकी, फिकस,
आणि मधोमध एक वर्तुळ, म्हणजे डोकं,
त्याला दोन कान, अगदी सारखे.

"उंची कानाची," मी म्हणाले.
"कुणाच्या?"
हिल्का दारात, हातात वेलचीच्या पावांचा ट्रे.
"माझा डावा तर मी मिलमध्येच ठेवून आले.
सव्वीस वर्षं कटर डाव्या अंगाला.
कागद कापला जायचा, आणि कानही,
पातळ पातळ."

ओइवाने कागदाकडे पाहिलं.
त्याला माहीत नव्हतं असं नाही.
चव्वेचाळीस वर्षं तो तिच्या डावीकडे झोपतो.
("म्हणून तर टिकलंय," ती म्हणते, "असा घोरतो.")
पण रेघा मारताना
हात आपल्याआप दोन कान काढून गेला.

मी उपाय सांगितले, पैसे त्याचेच घेते मी:
डावीकडचं सगळं उजवीकडे वळवता येईल,
डावे दोन काढून परत देता येतील,
पावती असेल तर.
ओइवा गप्प. फिकसचं एक पान
उगाच पुसत राहिला अंगठ्याने.

"राहू दे तो मागचा डावा," हिल्का म्हणाली.
"तो वाजला की हा वळून बघणारच.
याला कुठे धीर आहे.
हा वळला की मला कळेल
तिकडून काहीतरी आलंय."

मग सगळं पुन्हा मोजलं.
वर्तुळाचा मध्य हातभर सरकवला,
दोघांच्या मधल्या फटीत,
जिथे कुणीच बसत नाही,
रिमोट असतो, चष्मा असतो, पावाचा चुरा.
पुस्तकात याला चूक म्हणतात.
मी पेन्सिलने खूण केली.

सबवूफर रेडिएटरपाशी.
सोफ्यावर ती दोघं, ओइवा डावीकडे.
मी चाचणीचा आवाज सोडला,
नुसता सूं सूं, नळातून पाण्याऐवजी हवा यावी तसा,
तोंडातोंडातून फिरणारा:
समोर डावा. मधला. समोर उजवा.
हिल्का पाव खातेय, पडद्याकडे बघतच नाही.
मागचा उजवा: तिने मान हलवली.
मग खोली तिच्यापुरती शांत झाली.
मला ऐकू येत होतं, तिला नाही,
आणि ती बघत होती
पांढऱ्या भुवयांकडे, कल्ल्यांकडे, मानेच्या सुरकुतीकडे.

सुरकुती हलली.

"आला," ती म्हणाली.
मी स्टूलवर चढून शेवटचा स्क्रू आवळला.