दोन प्रती

मॅनिटोबात बर्फ वितळायला लागलं की
तळघराच्या भिंतीतून पाणी झिरपतं.
दरवर्षीचंच.
पण यंदा भट्टीमागचा खालचा खोका भिजला
आणि अठ्ठ्याऐंशी सालचे बाराही अंक
एकमेकांना चिकटून त्यांची एक वीट झाली.
म्हटलं, आता लावायचंच सगळं.

आधी सालाप्रमाणे लावून पाहिलं.
पण मला साल कुठे आठवतं?
मला आठवतं विटकरी मुखपृष्ठ, कोपऱ्यात मांजर.
मग मासिकांच्या नावाने.
त्यातल्या तिघांनी मध्येच नाव बदललेलं,
लग्न झालेल्या मुलींसारखं.
मग नमुन्यांप्रमाणे:
अस्वलाचा पंजा, उडते रानहंस, दारुड्याची वाट
(आमच्या चर्चमधल्या बायांनी, थेंबाला न शिवलेल्या,
हीच वाट सगळ्यांत जास्त वेळा शिवली).
पण एकाच अंकात पंजाही, हंसही, वाटही.
अंक कुठल्या फळीचा?

लीओना म्हणते, फाड.
तिने फाडले. तिच्याकडे बत्तीस फायली,
पारदर्शक खिसे, पाठीवर छापल्यासारखं अक्षर.
नमुना मागा, पाऊण मिनिटात हातात.
पण बंद पडलेल्या कापडदुकानांचे पत्ते
तिच्याकडे नाहीत,
आणि ओहायोतल्या त्या बाईचं पत्र नाही,
जिच्या नवऱ्याने तिच्या शिवणखोलीत
बदकाची पिल्लं वाढवली होती.
मी नाही फाडले.

ओटचे खोके तिरके कापले की
अंक त्यात छान उभे राहतात.
एर्विन रोज सकाळी ओट खातो, तोंड वाकडं करून.
"अजून किती खोके?"
"पंचाण्णवपर्यंत पोचलेय. खात राहा."

नियम एकच केला:
दोन प्रती निघाल्या तर एक जाईल
वाचनालयाच्या विक्रीत, पंचवीस सेंटला.

मग हेडी फ्रीसनची सून दारात आली,
हातात केळ्यांचा खोका.
हेडी ऑक्टोबरात गेली.
"यात तुमचं काही असेल तर बघा."

वरून तिसरा. शरद अंक, दारुड्याची वाट.
पत्त्याच्या चिठ्ठीवर माझं नाव: आर्डिथ टीसन.
सोमवारी देते म्हणाली होती.
मी दोनदा मागितला. तिसऱ्यांदा नाही.
विनिपेगहून नवा मागवला, टपालखर्चासकट,
आणि गोधडीच्या चौकटीपाशी
तिच्या शेजारची खुर्ची सोडून
दुसऱ्या टोकाला बसायला लागले.
एकोणीस वर्षं.
मीठ दे, कात्री दे, एवढं बोलत होतो.

पान बावन्न. तिची पेन्सिल:
माप चुकलंय, पाव इंच वाढवा.
(चुकलंच होतं. माझी गोधडी आजही
एका कोपऱ्यात उचलते.
मी दोष कापडाला दिला होता.)
त्याखाली: आर्डिथला सांगायचं.
त्याखाली, दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी,
बोथट टोकाने: अंक परत द्यायचा.
खाली दोन रेघा.
दुसरी रेघ इतकी दाबून
की पान चोपन्नवर उमटली आहे.

एर्विन म्हणाला, दोन झाले, एक काढ.
मी म्हटलं, तू ओट खा.

दोन्ही ठेवलेत, एकाच खोक्यात,
माझा कोरा आणि तिचा चहाचे डाग पडलेला.
नाही, उलटं.
तिच्याकडे होता तो माझा.
कोरा मी रागाने घेतलेला,
तो कुणाचा, ते अजून ठरत नाही.

फळी मधोमध वाकली आहे.
अठ्ठ्याऐंशीची वीट मी टाकली नव्हती,
सुकून दगड झाली होती.
तीच खाली सरकवली.
अर्धा इंच कमी पडली.
वर पुठ्ठा लावला.