शहराची माहिती, चावीवाल्याकडून

लोकसंख्या तुझ्या फॉर्मात असेल ती लिही, बाई.
मला विचारशील तर माझ्याकडे एकशे बारा व्हॉल्व्ह
आणि खांद्यावर ही साडेचार फुटी लोखंडी चावी.
एकोणतीस वर्षं झाली.
रात्री तीनला खड्ड्यावर वाकून कान देतो.
पाण्याच्या आधी नळातून हवा येते,
खोकत खोकत,
गिरणीतून सुटलेल्या म्हाताऱ्यासारखी.

मुख्य व्यवसाय?
पूर्व भागात माग. टॉवेल जास्त, चादर आता कमी.
दुपारी लाइट गेली की सगळा भाग एकदम गप्प होतो
आणि मग ओट्यावरच्या बायका ऐकू येतात.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
कात्रीनं पान कापता कापता
नणदेला कापतात, कारखानदाराला कापतात,
हजार बिड्या वळून होईतो
चारदा तरी पोट धरून हसतात.
याला रकाना नाही ना? राहू दे.

भाषा एकच लिहायची म्हणतेस, तर पंचाईत आहे.
अशोक चौकात खिडकी उघडते, "नीळ्ळु वच्चाया?"
बाळीवेशीत कडी वाजते, "नीर बंतेन्री?"
विजापूर वेशीत मैनुद्दीन शेतसंदी
बनियनवरच बाहेर येतो, "पानी आया क्या, चाचा?"
मी सगळीकडं एकच सांगतो,
"येतंय की बे, थांब जरा."
अजून कुणाला अर्थ विचारावा लागला नाही.

हवामान: ऊन.
एप्रिलात झाकणाचा चटका बसतो,
फडकं गुंडाळून चावी धरतो.
लोक गच्चीवर झोपतात
आणि तिथूनच शेजाऱ्याशी भांडतात,
उशी न सोडता.

सण म्हणशील तर संक्रांतीचा गड्डा.
शिवलिंगप्पा हत्तुरे नंदीध्वज पेलायचा सराव करतो,
महिनाभर कमरेला पट्टा, तोंडात देवाचं नाव,
आणि त्याच्या घरचं पाणी शेजारचे भरतात.
त्याची बायको म्हणते, देव यांना, घागरी मला.

पोरं? पुण्याला जातात.
अर्धा किलो शेंगाचटणी, कडक भाकऱ्यांची चवड,
गाडी हलली की आयांना आठवतं
चार्जर घरीच राहिला.

आता हे लिही किंवा नको लिहू.
गेल्या मे महिन्यात अंबुबाई गड्डम गेली.
भर दुपारी, पाणी येऊन चौथा दिवस,
म्हणजे गल्लीतले सगळे ड्रम तळाला.
आंघोळ तर घालायलाच हवी.
मी ऑफिसला न विचारता चावी उचलली,
चालत गेलो. नोकरी जाते तर जाऊ दे म्हटलं.
(खरं तर अर्ध्या वाटेत थोडा घाबरलो होतो.)

तिच्या दारात आधीच रांग लागली होती,
माणसांची नाही, भांड्यांची.
पितळी घागर, रंगाचा डबा, तेलाचा कॅन,
एक कुकर, झाकणासकट,
आणि शेवटी कुण्या पोराची
शाळेची निळी बाटली, पट्टा लावलेली.
मोजली. सत्तावीस.
ज्याच्याशी ती मोरीवरून अकरा वर्षं बोलत नव्हती
त्या चिप्पाच्या घरचं पातेलंही त्यात होतं.

चावी भिंतीला टेकवून मी उभा राहिलो.
कुणीतरी ग्लासभर पाणी पुढं केलं.
मी नको म्हटलं.
घ्यायला हवं होतं, असं अजून वाटतं.

झालं का तुझं? सही कुठं करू?
तू जुळे सोलापूरची ना, टाकीमागची गल्ली?
तुमच्याकडं उद्या पहाटे, पावणेचारला.
आईला सांग, भांडी आजच घासून ठेव.