परटिणीच्या अंगणातली तार

बेचाळीसचा भाद्रपद. भिलवडीच्या अलीकडं
रुळाकडेच्या खांबांवरून
एका रात्रीत अडीचशे हात तार उतरली.
साहेबाचा सांगावा साताऱ्याला गेलाच नाही,
आणि येरळेच्या काठी
सारजाक्का परटिणीच्या अंगणात
काथ्याच्या दोरीऐवजी तारेवर
धुणं वाळायला लागलं.

कुणी आणली, तिनं विचारलं नाही.
थोरला सिदू तीन दिवस उसात होता.
आला तेव्हा तळहात चिरलेले.
तिनं हळद भरली, एवढंच.

मग झडती आली. कणगी उपसली,
भट्टीची राख चाळली,
गाढवावरची गोणीसुद्धा उसवली.
फौजदार घामेजून अंगणात आला,
आडव्या धुण्याखालून
मान लववून पलीकडं गेला.

त्याच्याच खाकी सदऱ्याखालून.
शनिवारी टाकलेला,
खळ जरा कडकच दिलेली.
"उद्या मिळंल का गं?"
"ऊन पडलं तर," ती म्हणाली,
आणि चिमटा नीट बसवला.

सिदूला पुढं दुसऱ्याच कुठल्या गुन्ह्यात
दीड वर्षं येरवडा.
सदरा वेळेवर पोचला होता.

परवा तिचा पणतू म्हणाला,
भंगारवाला किलोला तीस देतोय.
मी तारेला कान लावला.
वाऱ्यानं घुमते अजून,
बातमी मात्र लागत नाही.
खाली फरशीवर कुणाच्यातरी ओल्या विजारीचं पाणी:
कड... कट्ट...
कट्ट.