कडा न कापता

पुस्तक आलं ते सेमिनरी हिल्सवरून, कापडी पिशवीत.
पाठ सुटलेली, प्रस्तावना वाळवीच्या पोटात.
फादर लिनस म्हणाले, सोनकुसरे, घाई नाही,
पण हे मोडू देऊ नका.

कोणाचं आहे जी?
आर्मेनियातल्या एका साधूचं चरित्र. हजार वर्षांमागचा. कविता लिहायचा.
आर्मेनिया कुठं, ते मला काय माहीत.
त्यांनी माझ्या पाटावरच्या धुळीत
बोटानं एक तळं काढलं, कडेला डोंगर,
आणि डोंगराला नख लावून म्हणाले, इथं.

मग दर बुधवारी महालात उतरायचे.
मी दाभणानं फर्मे शिवायचो, ते वाचून सांगायचे.

ओहान नाव. दुष्काळात बापानं मठाला दिला,
दोन पायली जवाच्या बदल्यात.
सहा वर्षांचं पोर.
पहिलं अक्षर गिरवलं ते स्वतःच्या नावाचं नाही,
जवाचं.

मोठा झाला, पोथ्या उतरवायला बसला.
संध्याकाळी महारोग्यांच्या घराच्या भिंतीशी जायचा.
पाद्रीला न सांगितलेलं ते त्याला सांगायचे,
भिंतीपलीकडून, तोंड न दाखवता.
रात्री तो लिहायचा:
मी बियाणं चोरलं.
मी आईला दारातून परत पाठवलं.
भावाच्या मरणाची मी वाट पाहिली, देवा,
आणि तो मेला तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं मीच रडलो.

पानं सापडली. मोठ्या लोकांची सभा बसली.
हे गुन्हे तुझे?
तो म्हणाला, अक्षर माझं आहे.
एवढंच.

काऊन नाही सांगितलं त्यानं? मी विचारलं.
फादर चष्मा पुसत राहिले.

मठाबाहेर काढला. मेंढरांच्या गोठ्यात मेला.
तेव्हा कुठं भिंतीपलीकडून एकेक जण बाहेर आला,
फडकी गुंडाळलेले हात वर करून:
ते तिसऱ्या ओळीतलं माझं होतं.
ते बियाणं मी चोरलं.
संत तो मागाहून झाला.
ते फादरांनी घाईघाईत उरकलं, चहा निवत होता.

मला मात्र एक बारीक गोष्ट लागली.
उतरवलेल्या प्रत्येक पोथीच्या शेवटी
त्यानं समासात दोन ओळी टाकलेल्या:
शाई गोठली. बोटं वळत नाहीत.
वाचणाऱ्या, चुकलं असेल तर माझ्यासाठी एकदा थांब.

समासात.

एकोणीस वर्षं झाली. इतवारीतले एक म्हातारे, धकाते गुरुजी,
बायकोची पाककृतींची वही घेऊन आले होते.
मी शिवली, शिकंज्यात धरली,
आणि सवयीनं तिन्ही कडा कापल्या, सुरीसारख्या सरळ.
काय कापलं ते मागून पाहिलं.
समासात तिनं पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं,
कोणत्या दिवशी कोण जेवायला होतं.
केराच्या टोपलीत अर्धी अर्धी नावं.
गुरुजींनी वही उघडली, बोट फिरवलं,
म्हणाले, छान झाली.
मी मशीनवर ढकललं. पोराचा हात होता म्हणालो.
पोरगा तेव्हा शाळेत होता.

या पुस्तकाच्याही समासात कोणा मेलेल्या फादरची पेन्सिल आहे.
एका ठिकाणी नुसतं प्रश्नचिन्ह.
मी कटिंग मशीनवर गोणपाट टाकलं.
कडा वरखाली राहिल्या, पाटावर ठोकून जेवढ्या बसल्या तेवढ्या.
गिऱ्हाईक बघेल तर म्हणेल, बुवा दमला.

सत्तेचाळीस डिग्री. लाइट गेलेली, कूलर मुका.
लई ब्रशवरच वाळते.
मोरचूद जास्त पडलं, पुस्ती हिरवट दिसते.
शेवटच्या पुस्तीच्या आत, पुठ्ठ्याला चिकटवायच्या बाजूनं,
जिथं कोणी वाचणार नाही,
मी लिहिलं:

लई वाळली. डोळे झोंबतात.
वही मी कापली.

आणि वरून दाब दिला.