अर्धं तिकीट

जालन्याच्या स्टँडवर कंडक्टर म्हणाला,
हे काय हो, मयत हाय का?
शद्रकमामा म्हणाला, नाही, अजून बोलतंय.
मग त्यानं डबल बासचं अर्धं तिकीट फाडलं,
बारा वर्षांखालचं लेकरू म्हणून.
ते मामाच्या पाकिटात राहिलं, एकोणतीस वर्षं.

पुण्यात वाजवलं, गोव्यात, एकदा थेट प्रागमध्ये.
कॅसेटवर नाव मागच्या बाजूला, बारीक;
एकीवर तर 'शंकर पारखे' छापलेलं.
लोक सॅक्सोफोनवाल्याकडं बघायचे.
तो म्हणायचा, जोत्याकडं कोण बघतं?
ढळलं की कळतं.

रचना अकराच केल्या.
सगळ्या शेवटी एकाच खर्जावर येऊन टेकतात:
रोलिंग मिलची रात्रभरची घरघर,
जिच्यावर मिशन कंपाउंडातली आम्ही पोरं झोपायचो.

परत आला तेव्हा बोटांना घट्टे, कानाला यंत्र.
भारनियमनात मिल थांबली
तसा अंथरुणात उठून बसला,
कोण चुकलं रे?

आता बास माझ्याकडं, शिलाई मशीनशेजारी.
मला वाजवता येत नाही.
शेजारची लेकरं येतात,
सगळ्यात जाड तार ओढतात
आणि पळतात.
मी ओरडत नाही.