समास सोडून

काल मेल आला: नाव संपतंय.
माझं नव्हे, भरमाण्णा कुंभारांच्या पानाचं.
आठशे एकोणपन्नास भरा
नाहीतर सोडून द्या.

वर्ष झालं तर.

खानापुरात, मलप्रभेच्या पुलाकडं उतरताना
पिठाच्या गिरणीवरची ही खोली.
दुपारी टेबल थरथरतं, कीबोर्डच्या फटीत
जोंधळ्याचं पीठ.
खाली डबे लावून बायका विचारतात, वर काय चालतंय?
गिरणीवाला परशा सांगतो, पोरगी पानं करत्या.
पत्रावळीची?
न्हवं हो, फोनातली.

दर रविवारी वहीत लिहीत गेले, काय मोडलं ते.
चाललं ते लिहिलं नाही,
चाललेल्याला कोण विचारतंय.

मार्च: दुकान उघडं दाखवणारा हिरवा दिवा
रात्री दीडपर्यंत पेटलेला.
घड्याळ ग्रिनिचचं धरलं होतं, खानापूरचं नव्हे.
एप्रिल: मंगल कार्यालयाच्या पानावर
वऱ्हाडाचा ऱ्हा फुटला,
मालक फोनवर ओरडले, पत्रिका छापून झाल्यात बाई!
जून: लाईट गेली, सेव्ह केलं नव्हतं.
जून, पुन्हा तेच.

शिवलीला बैलहोंगलची. कन्नड मजकूर तीच तपासते,
बदल्यात मी तिला कुंदा देते, पाव किलो.
उजव्या कोपऱ्यात दोन बटणं असतात, म आणि क.
कन्नडात शब्द लांब होतो,
बटणाबाहेर पाय काढतो.
मी म्हणते, छोटा शब्द दे.
ती म्हणते, मोठं बटण कर.
ऑगस्टात बटण मोठं केलं.

पानावरची प्रत्येक गोष्ट एक चौकट असते.
आत मजकूर, भोवती थोडी गादी,
मग सीमा, आणि सीमेबाहेर समास.
हे शिकले त्या दिवशी एकटीच हसले.
आमच्याकडं सीमा म्हटलं की
चहाच्या टपरीवर आवाज चढतो,
आणि इथं ती एका ओळीत: एक पिक्सेल, सलग, राखाडी.
शून्य लिहिलं. गेली.
खरं बाकीचं सगळं दोन पिक्सेल
डावीकडं सरकलं.
कुठल्या पुस्तकात हे वाचलं नव्हतं.
दोन तास जागेवर आणत बसले.

भरमाण्णा म्हणाले होते, माझं तोंड नको, मडकी दाखव.
आव्याशेजारी बसून दाखवलं.
बोट लावलं की सरकतंय व्हय?
लावा की.
त्यांनी लावलं. काचेवर ओली माती,
मडकी वर, मडकी खाली.
मग विचारलं, हे भाजायचं कधी?
म्हटलं, हे कच्चंच राहतं मामा,
कधीही बदलता येतं.
ते बराच वेळ हसले.
कच्च्यात पाणी ठरत नाही, बाई.

श्रावणात गेले.
मला कळलं पंधरा दिवसांनी, तेही परशाकडून.
तोवर पानावर रोज सकाळी नऊला
हिरवा दिवा लागत होता. आज सुरू.
घड्याळ आता बिनचूक होतं.

मेल उघडा ठेवून त्यांचाच नंबर लावला.
सुनेनं उचलला, सुबाक्कानं.
म्हटलं, पान काढून टाकू का?
मागं कोंबडी ओरडत होती.
र्‍हाऊ दे की, म्हणाली, फोन येतोय अजून.
परवा नंदगडास्नं आला, पणत्यांसाठी.
त्यांनी भाजलेल्या दीडशे हायत, त्या सपूस्तवर तरी.
फुडचं फुडं.
खरं सकाळी मी शेताला जातो, वेळ तेवढी बदल.

आठशे एकोणपन्नास भरले.
हिशेबाच्या कुठल्या रकान्यात घालायचे
ते ठरलं नाही, समासात लिहिले.

नऊ खोडून चार केलं, दुपारचे.
पान पुन्हा उघडलं.
दिवा विझलेला.

तीन वीस झालेत. खाली गिरणी सुरू झाली,
टेबल थरथरतंय.